बाळंतिणीची गाडी आणि पदूमामा

कोकणात थंडी पडते असं मी सांगितलं की माझे पुण्याचे भाऊ अजून हसतात. "खारट हवेत कसली आली थंडी, अक्का?" म्हणतात. मी वाद घालायचं सोडून दिलं आहे. पौष महिन्यात, डोंगराच्या पायथ्याच्या गावातून, झाडांवरून दव टपटपत असताना, बैलगाडीच्या उघड्या फळ्यांवर पाठ टेकून सात मैल गेल्याशिवाय ती थंडी कळत नाही. माझ्या भावांनी जन्मात कधी बैलगाडीत पाठ टेकलेली नाही, तेव्हा त्यांना काय सांगायचं!

मी म्हसळ्याकडे नर्स म्हणून गेले ते एकोणीसशे तीसच्या आगेमागे. मुंबईत सुईणीचं शिक्षण घेतलेली, विधवा, पंचविशीची आणि भयंकर शिष्ट. दवाखान्याकडून मला एक छपराची बैलगाडी मिळाली होती. गाडीवान गोविंदा आणि मी आठवड्यातले चार दिवस आतल्या गावांतून फिरायचो. बाळंतपण घरीच करायचं, पण काही अडलं तर बाईला गाडीत घालून दवाखान्यात आणायचं, असा नियम. गाडीला पांढरं छप्पर होतं, बाजूला पडदे होते, कंदील होता. गावातल्या बायका तिला "बालंतनीची गारी" म्हणत. ती गाडी मला फार ऐटदार वाटायची.

पहिल्याच पौषात त्या गाडीत एक मूल गेलं. येसू नावाची कुणब्याची पोर, पहिलटकरीण, सातव्या महिन्यात मोकळी झाली. मूल एवढंसं, पण रडलं होतं. मी त्याला लोकरीत गुंडाळलं, येसूच्या कुशीत दिलं, दोघांवर माझ्या दोन्ही शाली टाकल्या आणि सूर्य उगवायच्या सुमाराला निघाले. वाटभर मी वरचं पांघरूण सारखं करत होते. दवाखान्यात पोचलो तेव्हा चांगलं ऊन पडलं होतं आणि मूल गार झालं होतं. येसूला उचलल्यावर मी तिच्याखालच्या गोधडीला हात लावला. ती खालून ओली होती, विहिरीतून काढल्यासारखी थंड. मी वरून पांघरत बसले आणि थंडी खालून येत होती. हे मला कळायला हवं होतं. त्याबद्दल मी आजही स्वतःला माफ केलेलं नाही.

त्याच दिवशी दुपारी पदूमामा दवाखान्यात आले. मी त्यांना तेव्हा ओळखतही नव्हते. खाडीवरच्या कोळीवाड्यातले होड्या बांधणारे सुतार. साठीला आलेले, काळेभोर, बुटके, एका कानाने बहिरे. लाकूड तासायचा वाकस पायावर निसटला होता आणि पाय घोट्यापाशी चांगलाच फाटला होता. मी जखम धुवायला बसले. माझे डोळे सुजलेले. मलमपट्टी करताना मी त्यांच्यावरच खेकसले, "हातात हत्यार असताना लक्ष कुठं असतं तुमचं?"

"माजं लक्ष हाय," ते शांतपणे म्हणाले. "तुजं न्हाय, बाय. उलटी गुंडालतेस."

पट्टी खरंच उलटी चालली होती. मग मला रडू आवरलं नाही आणि एका अनोळखी म्हाताऱ्याला मी सगळं सांगून टाकलं. माझं झाल्यावर ते अर्ध्या पट्टीनिशी उठले, लंगडत अंगणात गेले आणि गाडीत चढून उताणे पडले. मग कुशीवर वळून गाल फळीला लावला, दुसरीकडे सरकून पुन्हा लावला. गोविंदा माझ्याकडे बघत राहिला. पाच मिनिटांनी पदूमामा खाली उतरले.

"बाय, ही गारी न्हाय. चालनी हाय," ते म्हणाले. "खालनं सगला वारा वर येतोय. वर दहा शाली टाक, काय उपेग न्हाय. तल बांदाय पायजे."

"करून द्याल?"

"बगू," म्हणाले आणि उरलेली पट्टी बांधून घ्यायला बसले.

हे 'बगू' पुढे मी हजारदा ऐकलं. पदूमामा कधी 'हो' म्हणत नसत आणि काम संपल्यावर कधी 'झालं' म्हणत नसत. कोणी कामाची तारीफ केली की बहिरा कान पुढे करायचे. कामाची चूक काढली तर मात्र तोच कान असा काही लख्ख ऐकायचा की गोविंदा म्हणायचा, "मामांच्या कानाला बी दार हाय." लाकडाशी ते बोलत, शिव्याही देत. माणसांशी बोलायची वेळ आली की शब्द मोजून खर्च करायचे.

त्यांनी गाडी कोळीवाड्यात नेली आणि आठ दिवस मला फिरकू दिलं नाही. नवव्या दिवशी गेले तर गाडी होडीसारखी चकाकत होती. खालच्या फळ्यांमधली प्रत्येक फट कापूस ठोसून बुजवलेली. त्या फळ्यांवर होडीत असतात तशा आडव्या पट्ट्या, चार बोटं उंच. पट्ट्यांच्या मधल्या खणांत भाताचं तूस ठासून भरलेलं. वर दुसऱ्या पातळ फळ्या. लोखंडाचा एक खिळा नाही, सगळ्या लाकडी खुंट्या.

"खिळे का नाहीत?" मी विचारलं.

"लोखंड थंडी पितं. खालची वर आनतं."

"आणि तूस?"

"हलकं हाय. बैलाच्या मानंवर काय पडत न्हाय. न् त्यात वारा अडकून बसतो. अडकल्याला वारा गार न्हाय लागत, ऊन लागतो." मुंबईच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला हे याहून लांबलचक शिकवलं होतं.

सगळं उत्तम होतं. फक्त वास येत होता. आणि वास म्हणजे काय वास! पदूमामांनी फटी बुजवल्यावर तळाला आतून बाहेरून माशाचं तेल चोळलं होतं, होडीला चोळतात तसं, तीन हात. त्यांच्या नाकाला तो वास वास वाटतच नव्हता. ज्याने जन्मभर तेच तेल चोळलं त्याला तो कळणार तरी कसा? मी दोन पोटुशा बायकांना तपासणीला आणायला गेले. पहिली गाडीच्या चाकापाशी ओकली. दुसरी दारातूनच आत पळाली. वाटेत दर गावात चारपाच मांजरं आमच्या मागे लागत, ती वेशीपर्यंत सोडायला येत.

मी गाडी परत नेली. काय बोलावं याची जुळवाजुळव करत होते, तोवर त्यांची बायको चांगुणामावशी माडीवरून उतरून आली. तिने गाडीत डोकं घातलं आणि नवऱ्याकडे वळली. "मी पोटुशी व्हते तवा तुमाला अंगनात निजवायचे, ते कशाला? इसरलाव? ह्या तेलापायी!"

पदूमामांचा चेहरा असा पडला की मलाच वाईट वाटलं. हसण्यावारी नेण्याजोगी गोष्ट होती, पण त्यांना ती चूक फार लागली. त्यांनी त्याच दिवशी सगळ्या फळ्या उचकटल्या, तेलकट तेवढी टाकून दिली आणि नवं लाकूड आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी खोबरेलात उकळलेली राळ. पंधरा दिवस गेले. थंडीचे दिवस सरत होते आणि मी बिनगाडीची पायी हिंडत होते. चिडले होते, पण त्यांना घाई करायची माझी छाती झाली नाही.

फटी राहिल्या का हे बघायची त्यांची रीत होडीवाल्याचीच. होडी पाण्यात घालतात आणि आत पाणी येतं का बघतात. गाडी पाण्यात घालता येत नाही, म्हणून त्यांनी धूर काढायचं ठरवलं. दवाखान्याच्या अंगणात भर सकाळी गाडीखाली ओल्या तुसाची धुनी पेटवली, चारी बाजूंनी गोणपाट सोडले आणि स्वतः आत बसले, धूर कुठून वर येतो ते बघत. मी आत वॉर्डात होते. बाहेरून एकाएकी ओरडा आला, "नर्सबायची गारी पेटली!" बाजारातली माणसं कळशा, घागरी, हंडे घेऊन धावली आणि पदूमामांसकट गाडीवर पाणी ओतलं. मामा आतून ओरडत होते ते कोणाला ऐकू गेलं नाही.

मी पोचले तेव्हा लोक ओशाळे होऊन उभे होते. पदूमामा गाडीत पोटरीभर पाण्यात बसले होते. मला वाटलं, आता हा माणूस कोणाचा तरी जीव घेणार. ते वाकून गाडीच्या खाली बघत होते. मग मान वर करून म्हणाले, "एक थेंब खाली न्हाय गेला, बाय!" त्यांना असं हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग त्यांच्याच ध्यानात आलं. "पन हे पानी जायाचं कुटनं?" होडी बांधणाऱ्याने पाणी आत येऊ नये एवढाच विचार केला होता. बाळंतिणीच्या गाडीत पाणी आतच सांडतं आणि ते बाहेर जायला हवं. सगळं तूस भिजून फुगलं होतं. ते उपसून दवाखान्याच्या पडवीत दोन दिवस वाळत घातलं. गावच्या कोंबड्यांनी त्यात उकिरडा केला. पदूमामांनी मग तळाला एका बाजूला किंचित उतार दिला आणि कोपऱ्यात बोळ्याचं भोक ठेवलं. तूस कढईत भाजून, कडुलिंबाचा पाला घालून पुन्हा भरलं. गाडी ताब्यात दिली तेव्हा होळी जवळ आली होती. त्या वर्षीची थंडी गेली होती.

मला सारखं वाटायचं की या माणसाचंही एखादं मूल असंच गेलं असणार. नाहीतर परक्या बाईच्या गाडीसाठी कोण एवढा जीव टाकेल? एकदा धीर करून मी चांगुणामावशीला विचारलं. ती हसली. "चार पोरं, चारी धड हायत. ह्यांना गलकं काय चालत न्हाय, यवडंच. घरात कौल गलत असलं तर जेवन जात न्हाय." मला जरा निराशाच झाली. पण पुढे विचार केला तेव्हा त्यांचं मोठेपण जास्तच कळलं. दुःख झालेला माणूस दुसऱ्याचं दुःख ओळखतो, त्यात नवल काय? ह्यांच्या वाट्याला तसलं काही आलंच नव्हतं, तरी येसूचं मूल त्यांनी आपल्या माथी घेतलं होतं.

पुढच्या माघात ती वेळ आली. गाव येसूच्या गावाच्याही वर. भागी नावाची बाई, जुळी, दीड महिना आधी. एक मूल जन्मतःच गेलेलं, दुसरी मुलगी जिवंत पण मुठीएवढी. भागीचं रक्त थांबत नव्हतं, म्हणजे तिथे थांबणं शक्य नव्हतं. उजाडताना निघालो. धुकं असं की गोविंदाला बैलांची शिंगं दिसत नव्हती. मी गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या, पडदे बांधले आणि तळावर हात ठेवून बसले. तळ कोरडा होता. चार मैल झाले, हात ठेवला, कोरडा. बाहेर गोविंदाचे दात वाजत होते ते ऐकू येत होतं. आत मला घाम आला होता; भीतीचा असेल. मी सातही मैल त्या पोरीच्या तोंडाकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, या वेळी नाही, या वेळी नाही.

पदूमामा दवाखान्याच्या फाटकाशी उभे होते. त्यांना कोणी निरोप दिला देव जाणे. पहाटे मासळी घेऊन वर गेलेल्या कोळणींनी सांगितलं असावं. डॉक्टर पोरीला ताप मोजायची काच लावत होते. काच काय म्हणते ते डॉक्टरांनी सांगितलं. पदूमामांचा काचेवर विश्वास नव्हता. "मी हात लावू?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, साबणाने धुऊन या. ते कोपरापर्यंत धुऊन आले. मग तळहात पुढे केला आणि मागे घेतला. "ह्याला काय कलत न्हाय, बाय. सगला घट्टा झालाय." हात उलटा करून बोटांच्या मागच्या बाजूने त्यांनी पोरीच्या पावलाला लावलं, हळदीचं पान उचलावं इतकं हळू.

"ऊन हाय," ते म्हणाले.

आणि बाहेर जाऊन गाडीच्या मागे कितीतरी वेळ बसून राहिले. भागी वाचली. पोरगी वाचली. पुढे ती चांगली धिप्पाड झाली आणि सासरी जाऊन सासूला पुरून उरली असं ऐकते.

त्या दिवसापासून गाडी परत आली की पदूमामा कुठून तरी हजर व्हायचे, तळ चाचपायचे, कुठे खुंटी ढिली झाली असेल तर ठोकायचे आणि चहा न घेता जायचे. सात वर्षं. त्या सात वर्षांत थंडीने माझ्या गाडीत एकही मूल गेलं नाही. इतर कारणांनी गेली. मी काही देव नाही. पण थंडीने नाही. हे श्रेय लोक मला देत. मी सांगायची, तळ पदूमामांचा आहे. लोकांना वाटायचं, नर्सबाई विनय करतात. विनय माझ्या स्वभावात कधीच नव्हता. मी खरं तेवढंच सांगत होते.

मग मोटार आली. मुंबईत व्यापार करणाऱ्या आमच्याकडच्या एका गृहस्थांनी आपली जुनी लॉरी दवाखान्याला दिली आणि वर छप्पर चढवून तिची बाळंतिणींसाठी गाडी केली. सात मैल अर्ध्या तासात. सगळे हरखले. ड्रायव्हर इब्राहिम तिला रोज पुसायचा. पदूमामा बघायला आले. सत्तरीकडे झुकलेले, छातीत कफ झालेला, चालताना थांबावं लागायचं. ते मागे चढले आणि खाली बसले.

"हे काय? पत्रा?"

"मामा, इंजिनाची गरमी येते की," इब्राहिम म्हणाला.

"ती फुडं. निजनारी मागं."

मी त्यांना सांगितलं, वर जाड गादी घालू. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी गादीचा विषयच सोडला. वरून पांघरत बसलेली मी, मला दुसऱ्यांदा सांगायची गरज नव्हती. "थंडीच्या आदी करतो," ते म्हणाले. 'बगू' नाही म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्यांना आपल्या हातात किती दिवस आहेत याचा अंदाज आला होता.

जुन्या बैलगाडीचा तळ त्यांनी एकेक खुंटी काढून सोडवला. तूस सात वर्षांनीही कोरडं, नुसतं हातातून सळसळ वाहणारं. तेच त्यांनी मोटारीत घातलं. पण पत्र्याची खोड वेगळी. रात्रीचा गार पडून सकाळी त्याला पाणी सुटतं. म्हणून पत्र्यापासून बोटभर उंचावर लाकूड उचललं, म्हणजे पाणी खालच्या खाली निघून जाईल. हे ठरवायला त्यांनी चार सकाळी मोटारीखाली पडून पत्र्याचा घाम बघितला. मी रागावले, औषध दिलं, घरी जायला सांगितलं. त्या वेळी पुढे कुठला कान आला असेल ते सांगायला नको. शेवटी शेवटी खोकल्याने त्यांच्या हातातला हातोडा खाली पडायचा. इब्राहिम तो उचलून द्यायचा आणि तोंड फिरवायचा.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी शेवटची खुंटी बसली. पदूमामा उभे राहिले आणि तोल जाऊन छपराच्या खांबाला टेकले. अंगात ताप होता. मी म्हटलं, "आता चालत जायचं नाही. इथंच आडवे व्हा. इब्राहिम तुम्हाला घरी सोडतो."

"ही बालंतनीची हाय."

"बाळंतीण अजून कोणी नाही. आडवे व्हा म्हणते ना!"

ते निमूटपणे आडवे झाले. मी शेजारी बसले. कोळीवाडा तिथून दोन मैल. रस्ता वाईट, पण इब्राहिमने मोटार अशी चालवली की जणू आत भरलेली घागर होती. अर्ध्या वाटेत मी पाहिलं तर पदूमामांचे डोळे मिटलेले, तोंड किंचित उघडं आणि श्वास लागलेला नाही, सावकाश चाललेला. गाढ झोपले होते.

मोटार खाडीपाशी थांबली. पोरं धावत आली, बायका सुकत घातलेली मासळी उलटायच्या थांबल्या. इब्राहिम त्यांना उठवायला गेला, त्याला मी हाताने थांबवलं. चांगुणामावशी आली, आत डोकावली आणि तिने पोरांना दटावून लांब पिटाळलं. "म्हैनाभर निजले न्हायत," ती मला हळूच म्हणाली. वारा खाडीवरून सुटला होता, चांगला बोचरा. आम्ही तिघं बाहेर कुडकुडत उभे होतो. दवाखान्यात माझी खोळंबलेली कामं होती. मी जागची हलले नाही.

तासाभराने ते उठले. इकडेतिकडे पाहिलं, लाजले. "थांबली कदी?"

"आत्ताच," मी म्हणाले.

ते कोणाचा हात न धरता उतरले आणि मागे न बघता घराकडे गेले. त्यानंतर मला ते दिसले नाहीत. मी वरच्या गावांत फिरतीवर असताना ते गेले. निरोप पोचला तोवर सगळं उरकलं होतं. त्या तळावर पुढे किती बायका सुखाने निजल्या, किती पोरांनी पहिली ऊब तिथे घेतली. ज्याने ती ऊब बांधली तो माणूस तिच्यात एकदाच निजला, एक तासभर. तेवढा तास मी कोणाला मोडू दिला नाही. पदूमामांसाठी मला करता आलं ते एवढंच.